बर्फाला थांबता येतं

भट्टी लावायच्या आधी भिंतीवरून ओरडायचं, हा कासारपाणंदीतला नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता. पण तो मोडायची धैर्यशील चौगुलेची टाप नव्हती.

कोल्हापूर सोडलं, हायवेवरून आत वळलं की कासारपाणंद लागते. नाव पाणंदीचं, पण दोन्ही बाजूंना अकरा कारखाने. त्यात धैर्यशीलची छोटी फाउंड्री. तिच्या भिंतीला भिंत लावून इनायत मुजावरांचा बर्फाचा कारखाना. पलीकडे हुक्केरींची बेकरी, मग चटणी-मसाल्याची गिरणी, असं करत करत ओढ्यापर्यंत. आणि सगळ्यांना मिळून एकच ट्रान्सफॉर्मर. फाउंड्रीची भट्टी आणि इनायतचाचांचे दोन्ही कॉम्प्रेसर एकदम चालले की फ्यूज उडायचा आणि अख्खी पाणंद बंद पडायची. म्हणून ओरडायचं.

"चाचाऽ, भट्टी लावतोय!"

पलीकडून आधी शिवी यायची. मग प्रश्न. "किती वेळ?"

"दीड तास."

"तुझा दीड तास म्हंजे लग्नातला मुहूर्त. पत्रिकेत एक, अक्षता पडायच्या येगळ्याच टायमाला! बरं, एक कॉम्प्रेसर थांबवतो. दुसरा मागितलास तर बघ."

उन्हाळ्यात मात्र सरळ नकार. "आज न्हाई! बर्फ पोटात कच्चा हाय. चारनंतर बघू." धैर्यशील चिडायचा, फोरमन बंडा मिस्त्रीला म्हणायचा, "म्हातारा जिवावर उठलाय." आणि चार वाजले की भिंतीपलीकडून चाचाच ओरडायचे, "मेलास का काय रे धैर्या? लाव की भट्टी!"

असं पंधरा-सोळा वर्षं चाललं. आधी धैर्यशीलचे वडील ओरडायचे, मग तो ओरडायला लागला.

मग सगळंच विजेवर आलं. बेकरीची लाकडाची भट्टी गेली, तिथं विजेचे ओव्हन आले. गिरणीचा डिझेल इंजिनाचा डबा भंगारात गेला. माल न्यायला येणारे ट्रक पाणंदीतच उभे राहून चार्ज व्हायला लागले. तारा त्याच, ट्रान्सफॉर्मर तोच, खाणारी तोंडं दुप्पट. नवीन लाइन मागितली तर वीज कंपनीचा साहेब म्हणायचा, वरचं सबस्टेशनच भरलंय, यादीत नाव घाला. आता अकरा जणांनी भिंतीवरून ओरडायचं म्हणजे बाजारच झाला असता.

म्हणून 'सांगड' आली.

सांगड म्हणजे प्रत्येकाच्या मीटरशेजारी बसवलेला एक पांढरा डबा, जेवणाच्या डब्याएवढा. अकरा डबे एकमेकांशी बोलणार. कुणाला किती वीज लागतीये, ट्रान्सफॉर्मरवर किती जागा शिल्लक आहे, छपरावरच्या सोलरमधून किती येतंय, हे ते सेकंदा-सेकंदाला बघणार. जागा कमी पडली की ज्याचं काम थोडं थांबू शकतं त्याच्याकडून थोडी वीज काढून ज्याचं थांबू शकत नाही त्याला देणार. घेतलेली वीज नंतर परत करणार, तितकीच्या तितकी. पैशाचा काही संबंध नाही. ज्याचं त्याला, फक्त वेळ इकडची तिकडं.

बसवायला आसावरी देशिंगकर नावाची इंजिनिअर आली होती. बिचारीनं सगळ्यांना गिरणीच्या आवारात बसवून समजावलं.

"कुणाचं काम किती थांबू शकतं हे सांगड स्वतः शिकते. ती तुम्हाला फोनवर विचारणार, शेजाऱ्याला गरज आहे, थोडी वीज द्याल का? हो किंवा नाही. तुमच्या उत्तरांवरून तिला कळत जातं. ठरावीक वेळा सलग हो आलं की ती विचारायचं बंद करते. उगाच सारखा त्रास नको म्हणून."

"शेजारी म्हंजे कोण?" चाचांनी विचारलं. "नाव येणार का?"

"नाही. मुद्दामच नाही. एका वसाहतीत नावं दाखवली होती, तर दोन भावांची डोकी फुटली. नाव दिसलं की राजकारण आलं."

सगळे हसले. धैर्यशीलही हसला. खरं तर त्याला बरंच वाटलं होतं. रोज उठून त्या म्हाताऱ्याच्या शिव्या खायला नकोत.

मग आसावरीनं एकेकाकडं जाऊन विचारलं, तुमचं काय थांबू शकतं? धैर्यशीलचं उत्तर तयार होतं. भट्टी थांबूच शकत नाही. लोखंडाचा रस एकदा तयार झाला की तो ओतावाच लागतो. मध्येच वीज गेली तर रस भट्टीतच गोठतो, आतलं अस्तर फुटतं, आणि मग छिन्नी-हातोडा घेऊन आठवडाभर भट्टी फोडत बसायचं. हे खरंच होतं. पण भट्टी लावायची कधी, हे त्याच्या हातात होतं. रस व्हायच्या आधी ती खुशाल चारपर्यंत थांबू शकत होती. ते तो बोलला नाही. कुणी विचारलंही नाही.

"आणि तुमचं, मुजावरकाका?"

"आमचं काय, चालतंय की," चाचा म्हणाले. "बर्फाला थांबता येतं."

कोल्हापूरच्या माणसाला 'कसं चाललंय' विचारलं तर तो मरायला टेकला असला तरी चालतंय म्हणतो. आसावरी सोलापूरकडची. तिनं तसंच भरलं.

तेव्हा ते खरंही होतं म्हणा. दिवाळी नुकतीच झालेली. बर्फाच्या कारखान्यात मोठी टाकी असते, मिठाच्या पाण्यानं भरलेली. ते पाणी शून्याच्या खाली पार उणे दहापर्यंत थंड करतात, मीठ असल्यानं ते गोठत नाही. त्यात पत्र्याचे उंच डबे सोडायचे, डब्यात साधं पाणी. त्याची लादी होते. टाकी एवढी मोठी, की थंडीच्या दिवसांत कॉम्प्रेसर तासभर झोपला तरी तिला कळत नाही. थंडावा तिच्यात मुरलेला असतो. सांगडला पाणंदीतला हा सगळ्यात सोयीचा गडी सापडला. दुपारी त्याच्याकडून घ्यायचं, रात्री परत करायचं. ती विचारायची आणि चाचा हो म्हणायचे. मार्गशीर्ष, पौष, माघ. एकदाही 'नाही' आलं नाही.

माघात तिनं विचारायचं बंद केलं.

धैर्यशीलचे दिवस फिरले. आधी दिवसाला एक हीट व्हायची, हीट म्हणजे एका दमात वितळवून ओतायचा एक घाणा. आता तीन व्हायला लागल्या. पंपाची कवचं बनवून द्यायची नवी ऑर्डर मिळाली. बायकोला म्हणाला, पावसाळ्यानंतर दुसरी भट्टी टाकू. भिंतीकडं जायचं कारणच उरलं नाही. चाचा कधी गेटवर भेटले तर हात वर करायचे. "काय रे, जोरात?" "तुमच्या कृपेनं." एवढंच.

फाल्गुनात एकदा तो मोल्डिंगच्या शेडमागं गेला होता. भिंतीपलीकडून कॉम्प्रेसरचा आवाज येत होता, पण कसा तरी. जाड, दमलेला, झोपेत कण्हणाऱ्या माणसासारखा. धैर्यशीलला तो आवाज लहानपणापासून पाठ. पूर्वी कॉम्प्रेसर एक तर चालू असायचा नाहीतर बंद. सांगड तसं करत नव्हती. ती त्याचा वेग हळूच कमी करायची, धक्का न लावता. तिथं उभ्या उभ्या धैर्यशीलच्या मनात आलं, आपल्या तिसऱ्या हीटची वीज इथूनच तर येत नाही ना?

मग त्याचं त्यालाच उत्तर मिळालं. तसं असतं तर म्हातारा गप्प बसला असता होय? आतापर्यंत सगळ्या पाणंदीला ऐकू गेलं असतं.

तो परत आला. तिसरी हीट लावली.

चैत्र आला, ऊन तापलं. जोतिबाच्या यात्रेला डोंगरावर लाखो माणसं जातात, आणि वाटेवरच्या उसाच्या रसाच्या, सरबताच्या गाड्यांना बर्फ पुरवायचं काम कितीतरी वर्षं मुजावरांकडं होतं. अलीकडं छोट्या बर्फाची मशीनं निघाल्यापासून गिऱ्हाईक घटत चाललं होतं. चाचांनी गेटवर धैर्यशीलला सांगितलंही होतं, "ह्या यात्रेवर ठरवायचं बघ. माल नीट गेला तर अजून चालवू कारखाना. न्हाईतर टाळं."

"टाळं कसलं? तुम्ही आणि टाळं?"

"बघू की."

यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी धैर्यशील जेवून येत होता. पाणंदीच्या तोंडाशी बर्फाचा टेम्पो परत येताना दिसला. बॉनेटवर गुलाल, आणि मागं लाद्या तशाच. ताडपत्रीखालून पाणी गळत होतं. ड्रायव्हर चाचांचा भाचा, सलीम. धैर्यशीलनं त्याला थांबवलं.

"परत का रे?"

"घेईना झालेत, दादा." सलीमनं ताडपत्री उचलली. एक लादी मध्ये फुटली होती. आत पोकळ. बर्फ बाहेरून आत गोठत जातो, लादीचं पोट सगळ्यात शेवटी भरतं. ह्या लाद्यांचं पोट भरलंच नव्हतं. आत नुसतं पाणी. "टोचा मारला की ढासळतंय. गॅस भरून झाला, मेकॅनिक दोनदा येऊन गेला. मामू म्हणतंय कॉम्प्रेसर म्हातारा झाला."

धैर्यशील टेम्पोबरोबरच कारखान्यात शिरला. मीटरशेजारी डब्यावरची छोटी स्क्रीन पेटलेली होती. तिच्यावर हिरव्या अक्षरांत एकच ओळ होती: तुमच्या सवयीनुसार शेजाऱ्याला वीज दिली जात आहे.

भिंतीपलीकडं त्याची भट्टी गुंगुं करत होती.

चाचा टाकीच्या फळ्यांवर उकिडवे बसले होते. त्याला बघून उठले. "ये. चा घेतोस?"

"चाचा, तुम्ही हो कशाला म्हणत गेला?"

"कशाला?"

"सांगडला. ती विचारत होती तेव्हा."

"आरं, शेजाऱ्याला पायजे म्हणायची. कोण शेजारी ते सांगंना. मला वाटलं हुक्केरीणबाईचा ओव्हन असंल, पाव अर्धा कच्चा राह्यला तर बाईनं काय करायचं? न्हाईतर कुणाच्या चक्कीत दळण अडकलं असंल. दारात आलेल्याला नाव न विचारता न्हाई कसं म्हणायचं?"

"मी होतो. बहुतेक वेळा मीच होतो."

चाचांनी त्याच्याकडं बघितलं. "तुझं नाव दिसलं असतं तर," ते हळू म्हणाले, "आईबापावरनं शिव्या घातल्या असत्या. आणि चारनंतर दिली असती."

"मला वाटलं, तुम्हाला त्रास झाला तर तुम्ही ओरडाल."

"मला वाटलं, तुला लागली तर तू ओरडशील."

सलीम मध्येच म्हणाला, "पण रात्री परत येते की वीज. हिशोब बरोबर दाखवतंय."

"परत येऊन काय करू?" चाचा उखडले. "चैतात कॉम्प्रेसर रात्रीबी फुलच असतोय. पोट एकच हाय. दुपारचं जेवण रात्री दुप्पट करून खाता येतंय होय?"

हे सांगडला कळायला मार्ग नव्हता. ती तारेतली वीज मोजत होती, टाकीतलं पाणी नाही. ती थंडीत शिकली होती. ऊन तिनं बघितलंच नव्हतं.

"उद्याच्या लाद्या?" धैर्यशीलनं विचारलं.

"आत हायत. आता ह्या घटकेपासून फुल वीज मिळाली तर सकाळपर्यंत पोट भरतील. यात्रेचा मेन दिवस उद्याच हाय."

धैर्यशीलनं स्क्रीनवर बोट ठेवलं. सवय रद्द. कॉम्प्रेसरचा आवाज चढला, मोकळा झाला, अगदी पूर्वीसारखा. सलीम हसायलाच लागला.

आणि धैर्यशीलच्या खिशातला फोन वाजला. बंडा मिस्त्री होता. "मालक, भट्टी उतरायला लागली! रस तयार हाय, ओतायला घेणार तर वीज निम्म्यावर. दुसऱ्या कुणाकडं शिल्लक दिसंना. आत गोठतंय सगळं!"

फोनवरचा आवाज चाचांना ऐकू गेला. धैर्यशील काही बोलला नाही. बोलायला हवं होतं. गोठू दे म्हणायला हवं होतं, भट्टी फोडता येते, नवं अस्तर लावता येतं. तो नुसता उभा राहिला, आणि आपण कशाची वाट बघतोय हे त्याला नीट माहीत होतं.

चाचांनी पुढं होऊन स्क्रीनवर बोट ठेवलं. हो. कॉम्प्रेसर पुन्हा कण्हायला लागला.

"जा. ओतून घे आधी. झालं की फोन कर, मग मी बंद करतो. तासाभरानं काय बिघडत न्हाई."

"तासही लागणार नाही, चाचा. लगेच करतो फोन."

तो पळतच गेला. रस ओतला गेला, एकही कवच वाया गेलं नाही. बंडानं घाम पुसला आणि रोजच्यासारखाच पुढचा माल भट्टीत टाकायला घेतला. त्याच वेळी पंपवाल्यांचा माणूस गाडीतून उतरला. उद्या किती देणार, परवा किती, ऑफिसात बसून बोलणी झाली, चहा झाला. बाहेर भट्टी गुंगुं करत होती. धैर्यशीलला ती ऐकू येत होती. दरवेळी त्याला वाटायचं, हा माणूस गेला की फोन करू. आणि एकदा तर त्याला असंही वाटलं, की दुसरी हीट आता निम्मी झालीच आहे, ती ओतून झाली की एकदमच करू.

पंपवाल्याला गेटपर्यंत सोडलं तेव्हा दिवे लागले होते.

त्यानं फोन केला. "चाचा, झालं. बंद करा आता."

"बरं," चाचा म्हणाले. शिवी नाही, काही नाही. नुसतं बरं.

सकाळी टेम्पो गेलाच नाही. सलीमनं लाद्या एकेक करून ओढ्याच्या बाजूला ओतल्या. डोंगराकडून चांगभलंचा गजर वाऱ्यावर येत होता. धैर्यशील शेडच्या दारात उभा राहून बघत होता. आपण जाऊन हात लावावा असं त्याला वाटलं, पण कुठल्या तोंडानं?

त्यानंतर त्यानं काय काय नाही केलं! आसावरीला बोलावलं, तिला सगळं सांगितलं. ती गोरीमोरी झाली. टाकीत थर्मामीटर बसवू म्हणाली, उन्हाळ्यात सगळ्यांना पुन्हा विचारायला लावू म्हणाली. तसं केलंही तिनं, चांगली पोरगी होती. धैर्यशीलनं स्वतःची भट्टी चारनंतरच लावायची असं डब्यात भरून टाकलं. पंपवाले कुरकुरले, त्यांना सांगितलं, जमत असेल तर बघा. पण बर्फवाल्याचं गिऱ्हाईक एकदा दुसरीकडं गेलं की गेलं. आणि चाचांचं मनच उडालं होतं. दोन्ही कॉम्प्रेसर आता दिवसभर खणखणीत चालायचे, आणि लाद्या काचेसारख्या व्हायच्या. त्या न्यायला मात्र कुणी येत नव्हतं.

वैशाखाच्या शेवटी एका दुपारी धैर्यशीलच्या फोनवर सांगडचा निरोप आला. पाणंदीतला एक शेजारी आपला वीजवाटा कायमचा सोडत आहे. सर्वांत जास्त गरज तुमची असल्यानं पहिला हक्क तुमचा. घ्याल का? हो किंवा नाही.

नाव नव्हतं. दुसरी भट्टी, तिसरी हीट, सगळं त्या एका हो मध्ये होतं. कुणासाठी थांबायलाही लागलं नसतं.

तो फोन हातात घेऊन शेजारी गेला. टाकी रिकामी झाली होती. तळाशी मिठाचा पांढरा थर राहिला होता, आणि आत उतरून चाचा तो खराट्यानं झाडत होते. खरं तर झाडायची काही गरज नव्हती.

"चाचा, हे मला आलंय."

चाचांनी वर बघितलं. "मग घे की. चालतंय."

"खरंच घेऊ?"

"आरं घे म्हणतोय न्हवं! उद्या दुसरा कुणी घेणारच हाय. घरातलं घरात राहील."

आपल्याकडं पाहुण्याला जेवायला बस म्हटलं की पहिल्यांदा तो नाही म्हणतो, दुसऱ्यांदाही नाहीच म्हणतो. तिसऱ्यांदा म्हणतो ते खरं. देणाऱ्याचंही तसंच असतं. हे धैर्यशीलला कुणी शिकवलं नव्हतं, सगळ्यांनाच माहीत असतं. इतके महिने त्यानं एकदासुद्धा विचारलं नव्हतं. तो टाकीच्या काठावर बसला.

"तिसऱ्यांदा विचारतो चाचा. खरं सांगा. घेऊ?"

खराटा थांबला. चाचा टाकीच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. त्यांच्या पायाला मीठ चिकटलं होतं.

"नको घेऊस," ते म्हणाले. "कुणीबी घेऊ दे. रोज भिंतीपलीकडनं तुझी भट्टी ऐकायची, आणि ती कशावर चाललीय ते ठाऊक असायचं. तेवढं नको."

धैर्यशीलनं नाही दाबलं.

मशीन काही आग्रह करत नाही. स्क्रीनवर धन्यवाद आलं, आणि त्यानं डोळे वर करायच्या आत दुसरी ओळ आली: हा वाटा शेजाऱ्यानं घेतला आहे.

"गेला," तो म्हणाला.

"कुणाला?"

"नाव दाखवत नाही."

चाचांनी मान हलवली. "बरं हाय मग. गेटवर भेटला तर त्याच्याशी हसून बोलता तरी येईल."

ते पुन्हा झाडायला लागले. धैर्यशील काठावर बसून राहिला. त्याचं स्वतःचं नाव मात्र चाचांना माहीत होतं.